कोकणात पहिला कॅमेलिअन पाळताय? घर आधी, प्राणी नंतर

कॅमेलिअन म्हणजे आपल्या घोयऱ्याच्या जातकुळीतला, रंग बदलणारा सरडा. तो पाळण्याच्या जेवढ्या सूचना इंटरनेटवर सापडतात त्यातल्या बहुतेक थंड देशांतल्या बंद, कोरड्या, हीटर लावलेल्या घरांसाठी लिहिलेल्या आहेत. त्यात सगळा भर पिंजरा गरम ठेवण्यावर आणि ओला ठेवण्यावर. आपल्याकडे गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठेही राहत असाल, तर उष्णता आणि ओल दोन्ही न मागता मिळतात. आपलं काम पिंजरा थंड ठेवायचं आणि वेळच्या वेळी सुकवायचं. हे न कळल्यामुळे लोकांचे प्राणी मरतात. माझाही एक मरता मरता वाचला, ते पुढे सांगतो.

हा लेख व्हेल्ड कॅमेलिअनबद्दल आहे, म्हणजे मूळ येमेन आणि सौदी अरेबियातली, डोक्यावर उंच टोप असलेली जात. पैदास केंद्रात जन्मलेली पिल्लं हिचीच जास्त मिळतात आणि नवख्याच्या चार चुका ही जात सोसते. पाचवी सोसत नाही.

## १. आधी कागद

आपल्या काजूच्या बागेत, कुंपणावर दिसतो तो घोयरा. तो धरून आणायचा नाही. भारतीय कॅमेलिअनला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. ‘आमच्याच आवारात सापडला’ ही सबब चालत नाही. कुणी पाचशे रुपयांत ‘देशी कॅमेलिअन’ देतो म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

व्हेल्ड परदेशी असला तरी मोकळीक नाही. त्याचं नाव साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद बंधनकारक झाली. २०२४ मध्ये नियम आले. प्राणी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करायची. पुढे तो दुसऱ्याला दिला किंवा मेला, तर तेही कळवायचं.

तपासा: विकणाऱ्याकडे स्वतःची नोंदणी आहे का, आणि तुमच्या नावाने पावती देतो का? ‘नंतर करून देतो’ म्हणजे नाही.

याच टप्प्यात सरपटणारे प्राणी तपासणारा डॉक्टर शोधा. गावातला पशुवैद्य गायी-म्हशींत तरबेज असतो, पण सरड्याला इंजेक्शन कुठे द्यायचं हे त्याने कधी पाहिलेलं नसतं. बहुधा मुंबई, पुणे किंवा गोवा गाठावं लागेल. फोन करून ‘कॅमेलिअन बघता का?’ असं सरळ विचारा आणि मगच पुढे जा.

## २. जागा ठरवा

पिंजऱ्याची जागा एकदा ठरली की बदलायची नाही, म्हणून दोन-तीन दिवस नुसतं निरीक्षण करा. दुपारी दोनला आणि पहाटे पाचला त्या जागेचं तापमान लिहून ठेवा.

चिऱ्याच्या भिंती आणि वर कौलं असलेलं जुनं घर मिळालं तर नशीबवान आहात. मेमध्येही माजघराची हवा सोसवते. स्लॅबच्या घरात वरच्या मजल्यावरची खोली घेऊ नका. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत उष्णता सोडत राहतो आणि या प्राण्याला रात्री गारवा लागतो.

पडवीचा मोह सगळ्यांना होतो. हवा छान, उजेड छान. पण पडवीत मांजर येतं, उंदीर येतो, उंदरामागे साप येतो आणि पावसाळ्यात वाऱ्याची झड थेट आत येते. पिंजरा आतल्या खोलीत, खिडकीपासून चार-पाच फुटांवर ठेवा. पंखा खोलीत हवा, पण त्याचा झोत पिंजऱ्यावर नको.

त्या खोलीत मच्छर अगरबत्ती, लिक्विड, धूप, उदबत्ती काहीही चालणार नाही. देव्हारा असलेली खोली त्यामुळे बाद. घरातल्या मोठ्यांशी हे आधीच बोलून घ्या. माझ्या आत्येने पिंजरा बघून पहिलं विचारलं, “ह्यां काय हाडलंस रे, घोयरो?” आणि दुसरं, “मगे दिवो खंय लावायचो?” दिवा बाजूच्या खोलीत गेला, पण त्याला आठवडा लागला.

उंची महत्त्वाची. हा झाडावरचा प्राणी आहे, वरून कुणी बघितलं की त्याला शिकारी पक्षीच आठवतो. पिंजरा दोन-अडीच फुटांच्या टेबलावर ठेवा, म्हणजे त्याची बसायची फांदी तुमच्या डोळ्यांच्या वर येईल. टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, फडताळाला ठेवतात तसे. तांबड्या मुंग्यांना पिंजऱ्यातला एक मेलेला किडा पुरतो, मग त्या झोपलेल्या प्राण्यालाही सोडत नाहीत.

## ३. पिंजरा

मोठ्या नराला कमीत कमी २ फूट रुंद, २ फूट खोल, ४ फूट उंच जागा लागते. सुरुवातीपासून हाच करा. काचेची टाकी आपल्या हवेत अजिबात नको. ओल कोंडते, बुरशी धरते आणि काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की तो दिवसभर शत्रूशी भांडत बसतो.

तयार पिंजरा मागवण्यापेक्षा गावात स्लायडिंगच्या खिडक्या करणारा गाठा. ॲल्युमिनियम सेक्शनची चौकट, तीन बाजूंना बारीक स्टीलची जाळी, पुढे दरवाजा आणि खाली साफसफाईसाठी वीतभर उंचीची वेगळी झडप. साधी लोखंडी जाळी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात एका पावसाळ्यात गंजते. फायबरची मच्छरजाळी उंदीर एका रात्रीत कुरतडतो.

छताची जाळी मात्र मोठ्या भोकांची, पाव इंची, प्लास्टिकचं आवरण असलेली घ्या. बारीक जाळी वरच्या दिव्याची अतिनील किरणं बरीच अडवते. हा तपशील कारागिराला दोनदा सांगा, कारण तो सवयीने सगळीकडे एकच जाळी मारतो.

तळाला पीव्हीसीचा पत्रा, किंचित उतार, कोपऱ्यात भोक, खाली बादली. तळावर माती, भुसा, नारळाचा काथ्या काही पसरू नका. जिभेला चिकटून पोटात जातं आणि ओल धरतं. बादली रोज ओता, नाहीतर आठवड्यात डासांची पैदास घरातच सुरू होईल.

तपासा: आतल्या बाजूने सगळ्या कडांवर बोट फिरवा. बोटाला टोचलं ते त्याच्या नखाला आणि जिभेलाही टोचणार.

## ४. फांद्या आणि झाडं

फांदीची जाडी अशी हवी की त्याचा पंजा तिच्याभोवती जवळपास पूर्ण वळेल. बहुतेक फांद्या अंगठ्याएवढ्या जाड, थोड्या बारीक. पेरूच्या फांद्या सगळ्यांत बऱ्या: कठीण, फाटे फुटलेल्या, साल न सुटणाऱ्या. काजूच्या आणि आंब्याच्या फांद्या आवारात ढिगाने पडलेल्या असतात, पण दोन्हींचा चीक त्वचा भाजतो. नको. बांबू गुळगुळीत, पाय घसरतात.

फांद्या घासून धुवा, आठ दिवस कडक उन्हात वाळवा आणि प्लास्टिकच्या टायने चौकटीला बांधा, जाळीला नाही. निदान तीन पातळ्यांवर आडव्या फांद्या हव्यात आणि त्यांना जोडणाऱ्या तिरक्या. वरून खालपर्यंत जमिनीवर न उतरता जाता आलं पाहिजे.

झाडं खरी लावा. व्हेल्ड पानं खातो, प्लास्टिकचंही खाऊन बघतो. जास्वंद उत्तम, पानंही खातो आणि फुलांवर तर तुटून पडतो. मनी प्लांट, अंब्रेला प्लांट चालतात. कण्हेर, रुई, धोतरा, चाफा, क्रोटन, निवडुंगासारखे चीक गाळणारे युफोर्बिया आसपासही नकोत. नर्सरीतून आणलेल्या झाडावर औषध मारलेलं असतं असंच धरून चाला: पानं दोन्ही बाजूंनी धुवा, वरची माती बदला, महिनाभर बाहेर पावसापाण्यात ठेवा. कुंडीत वर मोठे, गिळता न येणारे गोटे पसरा.

एक साधी कसोटी: समोरून बघितलं तर पिंजऱ्याच्या मधल्या भागात आरपार दिसता कामा नये. लपायला जागा आहे असं वाटलं तरच तो उघड्यावर येऊन बसतो. पाहुण्यांना दिसावा म्हणून झाडं कमी करणारे पुष्कळ असतात. मग प्राणी काळपट पडून कोपऱ्यात बसतो आणि ‘रंग बदलतो बघ’ म्हणून त्याचंच कौतुक चालतं. तो रंग त्राग्याचा असतो.

## ५. दोन दिवे, दोन वेगळी कामं

अतिनील नळी. ही कोकणातही तेवढीच लागते. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरणांतला ठरावीक भाग, मिळाला नाही तर शरीरात ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम हाडांत जात नाही, आणि काही महिन्यांत जबडा रबरासारखा व पाय वाकडे होतात. टी-५ हाय आउटपुट नळी, ५.० किंवा ६ टक्के यूव्हीबीची, रिफ्लेक्टरसह. गोल वळणाचे छोटे सीएफएलसारखे बल्ब स्वस्त पडतात, पण एवढ्या उंच पिंजऱ्याला पुरत नाहीत. नळी छताच्या जाळीवर, बसायची फांदी अशी बांधा की त्याच्या पाठीपासून नळी २० ते २५ सेंटिमीटरवर राहील. रोज १२ तास, टायमरवर. वर्षाने बदला. उजेड तसाच दिसतो, किरणं मात्र संपलेली असतात. लावल्याची तारीख स्केचपेनने नळीवरच लिहा.

‘खिडकीतून ऊन येतं की’ असं म्हणू नका. काच यूव्हीबी अडवते. सकाळी नऊच्या आधी, अर्धा भाग सावलीत ठेवून, जाळीच्या छोट्या पिंजऱ्यात वीस मिनिटं बाहेर नेलंत तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण तिथे खुर्ची टाकून बसा. कावळा आणि भारद्वाज तुमच्यापेक्षा सावध असतात.

उष्णतेचा बल्ब. इथे सगळे चुकतात. तक्त्यात लिहिलेलं असतं शंभर वॉटचा बल्ब, दिवसभर. वाढलेल्या नराला शेकायच्या फांदीवर ३० ते ३२ अंश हवे असतात, सहा महिन्यांखालच्या पिल्लाला २८-२९. एप्रिल-मेमध्ये आपल्या खोलीतच एवढं असतं. वर बल्ब लावलात तर डोक्यावरचा टोप आणि पाठीचा कणा भाजतो, आणि चटका लागतोय हे त्याला वेळेवर कळत नाही.

मी असा चालवतो:

- नोव्हेंबर ते फेब्रुवारी: २५ ते ४० वॉटचा साधा बल्ब, सकाळी सात ते दहा-अकरा.
- मार्च ते मे: बंद. खोली २८ च्या वर असेल तर लावायचाच नाही.
- जून ते सप्टेंबर: सकाळी तीन तास चालू. उष्णतेपेक्षा सुकवण्यासाठी.

बल्ब जाळीच्या बाहेर, वर. आत कधीही नाही. रात्री कोणताच दिवा नको, लाल-निळाही नको.

तपासा: तार असलेल्या डिजिटल थर्मामीटरचं टोक फांदीवर, त्याची पाठ येईल त्या उंचीवर बांधा. चिकटवायचे काटेवाले थर्मामीटर खोटं बोलतात.

## ६. पाणी द्या, मग सुकू द्या

हा प्राणी वाटीतलं पाणी पीत नाही. त्याला हलता थेंब दिसावा लागतो, पानावरून ओघळणारा.

पहाटे दिवे लागायच्या आधी पानांवर दोन मिनिटं बारीक फवारा. दुपारी ठिबक पंधरा-वीस मिनिटं. ठिबकसाठी मेडिकलमधून नवीन सलाईनचा सेट आणा. बाटली पिंजऱ्यावर टांगा, चाक फिरवून दोन सेकंदांना एक थेंब पाडा, तो जास्वंदाच्या पानावर येऊ द्या. पहिल्यांदा तो पाणी पिताना बघाल तेव्हा हलू नका: आधी एक डोळा थेंबावर स्थिर होतो, दुसरा तुमच्यावर असतो. मग तो मान पुढे करून पानाच्या टोकाला तोंड लावतो आणि घास चावल्यासारखं पाणी पितो. तुम्ही खुर्ची सरकवलीत की संपलं, त्या दिवशी तो पुन्हा पिणार नाही.

पाणी तुम्ही पिता तेच. खाडीलगतच्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते देऊ नका.

आता माझी चूक. पहिल्या वर्षी माझ्याकडे एक छापील तक्ता होता: सकाळ, दुपार, संध्याकाळ फवारा. ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर, भिंतींना ओल, कपडे चार दिवस सुकत नव्हते आणि मी इमानेइतबारे तीन वेळा फवारत होतो. तिसऱ्या आठवड्यात तो नाक वर करून बसायला लागला. मला वाटलं, छताकडे बघतोय. रात्री दिवा मालवल्यावर पिंजऱ्यातून बारीक टक-टक ऐकू यायची. सकाळी तोंडाच्या कडेला शेंबडासारखी तार. फुफ्फुसाचा संसर्ग होता. रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली, नंतर घरी इंजेक्शनं. वाचला. पण नाक वर करण्याचा अर्थ मला पहिल्याच दिवशी माहीत असता तर ती वेळ आली नसती.

म्हणून नियम: दुपारी बाराला पिंजऱ्यातली पानं आणि फांद्या कोरड्या असल्याच पाहिजेत. पानाच्या मागे टिश्यू लावून बघा. ओला झाला तर पाणी जास्त होतंय किंवा हवा कमी खेळतेय. दिवसा आर्द्रता ४०-६० टक्के असावी, असं पुस्तकात असतं. पावसाळ्यात ते जमणारच नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर फवारा पूर्ण बंद, फक्त ठिबक, आणि खोलीतला पंखा सुरू.

तपासा: विष्ठेतला चुन्यासारखा भाग पांढरा हवा. पिवळा-नारिंगी म्हणजे पाणी कमी पडतंय. डोळे खोल गेले तर फार कमी.

## ७. दोन आठवडे रिकामा पिंजरा चालवा

कुणालाच हे आवडत नाही, पण गाळू नका. प्राणी नसताना दिवे, टायमर, पाणी सगळं रोज चालवा. सकाळ, दुपार, रात्र तापमान आणि आर्द्रता वहीत लिहा. या काळात कुंडी गळते, टायमर बंद पडतो, वीज जाते, मुंग्यांचा रस्ता कळतो. एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून टायमर पुन्हा बरोबर वेळेवर येतो का बघा. दोन आठवड्यांत फांदीवरचं तापमान एकदाही ३५ च्या वर गेलं असेल तर जागा बदला.

## ८. किडे आधीच घरात हवेत

मुख्य खाणं रातकिडे, सोबत रेशमाच्या अळ्या, कधीतरी मीलवर्म नावाच्या अळ्या. मेच्या उन्हात कुरिअरने येणारे रातकिडे अर्धे मेलेले निघतात, त्यामुळे घरीच पैदास ठेवा: झाकणाला जाळी लावलेला प्लास्टिकचा डबा, आत अंड्यांचे ट्रे. त्यांना शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा घाला. किड्याच्या पोटात जे असेल तेच शेवटी कॅमेलिअनच्या पोटात जातं.

किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. पिल्लाला रोज, पोट भरेपर्यंत. वर्षाच्या नराला एक दिवसाआड पाच-सहा. ड-३ नसलेली कॅल्शियम पावडर प्रत्येक वेळी अगदी हलकी, किडा पांढराफटक दिसेल इतकी नाही. अ आणि ड-३ असलेली मल्टिव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा. मी एक आणि पंधरा तारीख धरतो. खोल, गुळगुळीत वाटीत किडे द्या आणि वाटी जाळीपासून लांब टांगा, जीभ जाळीत अडकते.

बाहेरचे किडे जपून. डिसेंबर ते एप्रिल हापूसच्या बागांत तुडतुड्यांसाठी फवारण्या चालतात. त्या काळात आवारातला नाकतोडाही नको. आणि मेच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर, काजवे घरात येतात. काजवा सरड्याला विषारी आहे, एकही पोटात गेला तर जीव जाऊ शकतो. त्या पंधरवड्यात खिडक्यांना जाळी लावा आणि रोज रात्री पिंजऱ्यात टॉर्च मारून बघा.

## ९. आणायचा दिवस

पहिला प्राणी नरच घ्या. मादी नराशिवायही अंडी घालते, तिला फूटभर खोल ओलसर वाळूचं भांडं लागतं, आणि अंडी अडकली तर मरते. ओळख सोपी आहे: नराच्या मागच्या पावलाच्या टाचेवर जन्मापासून छोटा उंचवटा असतो. तीन महिन्यांहून लहान पिल्लू घेऊ नका.

विकत घेताना डोळे टपोरे आणि सतत फिरते, पाय सरळ, पकड घट्ट. दिवसा डोळे मिटून बसलेला कॅमेलिअन ‘झोपलाय’ असं विकणारा म्हणेल. निरोगी कॅमेलिअन दिवसा झोपत नाही.

हवेशीर खोक्यात आडवी काठी बांधून, उन्हं चढायच्या आत घरी आणा. खोकं उघडून फांदीला टेकवा आणि त्याला स्वतः चढू द्या. ओढून काढायचं नाही. पहिले तीन दिवस पाणी आणि किडे ठेवण्यापलीकडे दार उघडू नका. शेजारच्या पोरांना चौथ्या दिवशी बोलवा, तेही लांबून. नाही खाल्लं तर दोन दिवस घाबरू नका, पाणी मात्र पितोय ना एवढं बघा. दुसरा कॅमेलिअन त्याच पिंजऱ्यात कधीच नाही, ‘जोडी’ म्हणूनसुद्धा नाही.

पिंजऱ्यात हात घातला की साबणाने धुवा, आणि त्याची भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत नकोत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

आठव्या दिवशी पहिलं वजन घ्या. ग्रॅमचा स्वयंपाकघरी काटा त्याच्यासाठी वेगळा ठेवा, वर आडवी काठी बसवा, त्याला चालत वर येऊ द्या. मग दर रविवारी.

## १०. वीज गेली तर

पावसाळ्यात दोन-दोन दिवस वीज नसते. अतिनील नळी दोन दिवस बंद राहिली तर काही बिघडत नाही, दिवसा खिडक्या उघडून उजेड येऊ द्या. इन्व्हर्टर असेल तर नळीवर खर्च करू नका, पंखा चालवा. ठिबक विजेशिवाय चालतंच. मेमध्ये वीज जाऊन खोली ३५ च्या वर गेली आणि तो तोंड उघडं ठेवून फिकट पडला, तर ओलं पंचाचं फडकं पिंजऱ्याच्या एका बाजूला बाहेरून टांगा, खिडक्या उघडा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. बर्फ नको, अंगावर थंड पाणी नको.

तो तोंड मिटून फांदीवर वर सरकला की फडकं काढा.